पाच प्रशिक्षक आणि एक वही: हायस्कूलच्या ॲथलेटिक्स संघाच्या प्रशिक्षक मंडळाविषयी

मैदानी स्पर्धांचा संघ बाहेरून एकच दिसत असला, तरी त्याच्या आत अनेक वेगवेगळे खेळ नांदत असतात. शंभर मीटर धावणाऱ्या आणि तीन हजार मीटर धावणाऱ्या मुलांच्या सरावात ट्रॅक सोडला तर फारसे काही समान नसते. गोळाफेक करणाऱ्या मुलीचा बहुतेक वेळ २.१३५ मीटर व्यासाच्या वर्तुळात जातो. उंच उडी मारणारा मुलगा आठ-दहा पावलांच्या धावेत आणि एका उसळीत आपले सगळे कौशल्य पणाला लावतो. यातील प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र जाणकार लागतो, आणि जाणकार वाढले की एक नवी अडचण उभी राहते. एकच मूल दोन-तीन प्रकारांत भाग घेत असते, त्याचे पाय मात्र दोनच असतात, आणि प्रत्येक प्रशिक्षक आपल्या वाट्याच्या वेळात त्या पायांकडून पूर्ण काम करून घेऊ पाहतो. हायस्कूलच्या संघाचे प्रशिक्षक मंडळ चांगले की वाईट, हे माझ्या मते सर्वांत आधी याच ठिकाणी ठरते. आमची मुलगी गेले काही हंगाम आपल्या शाळेच्या संघातून अडथळ्यांची शर्यत, लांब उडी आणि चार गुणिले शंभर मीटर रिले या तीन प्रकारांत उतरते, त्यामुळे या मंडळातील बहुतेक सर्वांचे काम मला जवळून पाहायला मिळाले आहे आणि हा अभिप्राय त्याच आधारावर लिहीत आहे.

एकंदर मत आधीच नोंदवते. हे मंडळ चांगले आहे, काही बाबतींत फारच चांगले आहे, आणि लांब पल्ल्याच्या धावण्याची बाजू वगळली तर आपले मूल त्यांच्या हाती निर्धास्तपणे सोपवावे असे मी कोणत्याही पालकाला सांगेन. संघाला मिळालेली पदके मी येथे मोजलेली नाहीत, आणि ते मुद्दाम केले आहे. वाढीचा वेग मुलींमध्ये साधारण १२ व्या आणि मुलांमध्ये साधारण १४ व्या वर्षाच्या आसपास सर्वाधिक असतो, पण प्रत्येकाच्या बाबतीत तो वर्ष-दोन वर्षे मागेपुढे होतो; त्यामुळे एकाच वयाची दोन मुले एकाच रेषेवर उभी असली तरी त्यांपैकी एकाचे शरीर जवळजवळ प्रौढ आणि दुसऱ्याचे अजून बालकाचे असू शकते. अशा वेळी जिंकलेल्या शर्यतीचे श्रेय प्रशिक्षकाला किती आणि लवकर वाढलेल्या उंचीला किती, हे सांगणे अवघड असते. पहिल्या वर्षी संघात आलेली किती मुले शेवटच्या वर्षापर्यंत टिकतात, आणि ती कोणत्या अवस्थेत टिकतात, हे पाहणे मला अधिक विश्वासार्ह वाटते, आणि त्या बाबतीत हा संघ उजवा आहे.

मंडळात पाच जण आहेत: वेगवान धावणे आणि रिले पाहणारे मुख्य प्रशिक्षक, अडथळे आणि उड्या शिकवणाऱ्या प्रशिक्षिका, फेकीच्या प्रकारांचे प्रशिक्षक, मध्यम व लांब पल्ल्याचे प्रशिक्षक, आणि दुखापतींकडे लक्ष देणाऱ्या फिजिओथेरपिस्ट. या पाच जणांना एकत्र बांधणारी वस्तू म्हणजे मुख्य प्रशिक्षकांनी ठेवलेली एक साधी वही. तीत प्रत्येक खेळाडूसाठी स्वतंत्र पाने आहेत, आणि सराव संपल्यावर ते मूल ज्यांच्याकडे होते त्या प्रशिक्षकाने स्वतःच्या हाताने नोंद करायची असा दंडक आहे. पूर्ण वेगाने किती धावा झाल्या, पूर्ण धाव घेऊन किती उड्या झाल्या, किती फेकी झाल्या, आणि मुलाने काही दुखत असल्याचे सांगितले का, एवढेच त्यात लिहिलेले असते. पुढच्या सरावाआधी सर्व प्रशिक्षक मैदानाच्या कडेला उभे राहून ती वही चाळतात आणि त्या दिवशी कोणते मूल कोणाकडे किती वेळ राहील हे ठरवतात.

या नोंदीचा परिणाम प्रत्यक्षात कसा दिसतो, हे आमच्या मुलीच्या उदाहरणावरून सांगता येईल. लांब उडीसाठी जमीन सोडताना ती जो पाय वापरते, अडथळ्याआधी उसळी घेतानाही तोच पाय वापरते. शिवाय दोन्ही प्रकारांत मांडीच्या मागच्या स्नायूंवर मोठा ताण येतो. त्यामुळे आदल्या दिवशी तिच्या पूर्ण धावेच्या उड्या झालेल्या असतील, तर दुसऱ्या दिवशी तिला अडथळे वेगात ओलांडायला लावत नाहीत. त्या दिवशी ती अडथळ्यांच्या कडेने चालत मागचा पाय वळवून पुढे आणण्याचा सराव करते किंवा रिलेतील बॅटन देण्याघेण्यावर काम करते. ज्या संघात अशी नोंद नसते तेथे हा तोल मुलालाच सांभाळावा लागतो. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाने एका प्रशिक्षकाला जाऊन ‘काल दुसऱ्या सरांनी बऱ्याच उड्या घेतल्या, आज मला जमणार नाही’ असे सांगायचे असते, आणि संघातील जागा जाईल या भीतीने बहुतेक मुले ते सांगत नाहीत. येथे ते ओझे मुलांवरून उतरवून मोठ्यांनी स्वतःकडे घेतले आहे. मला हीच या मंडळाची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते, आणि ती साधण्यासाठी त्यांना एका वहीपलीकडे कोणतेही साधन लागलेले नाही.

मुख्य प्रशिक्षकांच्या सरावात नव्या पालकांना एक गोष्ट हमखास खटकते. मुले बराच वेळ नुसती उभी राहिलेली किंवा सावकाश चालताना दिसतात, आणि वेळ वाया जात असल्याचा समज होतो. वेगाच्या सरावात पूर्ण जोराने धावलेल्या प्रत्येक दहा मीटरमागे साधारण एक मिनिट विश्रांती द्यावी असा प्रशिक्षकांमध्ये रूढ असलेला ठोकताळा आहे, म्हणजे तीस मीटरच्या एका धावेनंतर सुमारे तीन मिनिटे. स्नायूंना काही सेकंदांच्या पूर्ण जोरासाठी लागणारा ऊर्जेचा साठा भरून यायला हा अवधी लागतो, आणि तो न देता पुढची धाव घेतली तर दमसासाचा सराव होतो, वेगाचा होत नाही. मुख्य प्रशिक्षक हे प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला पालकांना समजावून सांगतात, आणि मुलांना मैदानभर पळवून घामाघूम करण्याचा मोह टाळतात. काम होत आहे असे दिसण्यापेक्षा काम होण्याला महत्त्व देणारा माणूस मुख्य पदावर असणे हे संघाचे भाग्य आहे.

रिलेवर त्यांचा विशेष जीव आहे. चार गुणिले शंभर मीटरमध्ये बॅटन ३० मीटरच्या पट्ट्यातच बदलावी लागते. पूर्वी हा पट्टा २० मीटरचा होता आणि पट्ट्याच्या अलीकडे वेग घेण्यासाठी १० मीटर वेगळे मिळत, ते आता पट्ट्यातच धरले जातात. घेणाऱ्याने नेमके केव्हा निघायचे यासाठी ट्रॅकवर एक खूण केलेली असते. देणारा त्या खुणेवर पोहोचताच मागे न पाहता निघायचे. ही खूण अर्धे पाऊल चुकली तरी एक तर बॅटन पोहोचत नाही किंवा दोघे एकमेकांवर आदळतात. मुख्य प्रशिक्षक चार मुलांचे वेगळे वेळ मोजण्यात फारसे रमत नाहीत. बॅटन त्या ३० मीटरच्या पट्ट्यातून किती वेळात जाते, हे ते मोजतात, आणि चौघांच्या शंभर मीटरच्या उत्तम वेळांची बेरीज व रिलेचा वेळ यांतील फरक दर स्पर्धेनंतर मुलांसमोर मांडतात. तिघे धावपटू वेगात असताना बॅटन घेत असल्यामुळे रिलेचा वेळ या बेरजेपेक्षा कमीच यायला हवा, आणि तो किती कमी येतो यावरून देवाणघेवाणीचा दर्जा कळतो. वेगवान माणसे असूनही हे जमले नाही तर काय होते हे सर्वांना माहीत आहे: २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ पहिल्याच फेरीत बॅटन पडल्यामुळे बाद झाले. आमच्या संघात चारऐवजी सहा मुलींना हा सराव दिला जातो आणि प्रत्येकीला किमान दोन जागा शिकवल्या जातात, त्यामुळे ऐनवेळी कोणी आजारी पडली तरी शर्यत सोडावी लागत नाही. सहापैकी कोण उतरणार हे ठरवण्याच्या पद्धतीविषयी माझी तक्रार आहे. ती पुढे लिहिली आहे.

अडथळे शिकवणाऱ्या प्रशिक्षिकांचे कौशल्य नवख्या मुलांबरोबर सर्वांत स्पष्ट दिसते. जागतिक नियमांनुसार १८ वर्षांखालील मुलींच्या शंभर मीटर शर्यतीत ७६.२ सेंटिमीटर उंचीचे दहा अडथळे असतात, पहिला अडथळा १३ मीटरवर आणि पुढचे प्रत्येकी ८.५ मीटर अंतरावर. दोन अडथळ्यांमध्ये तीन पावले टाकायची असतात. नव्या मुलीला हे अंतर तीन पावलांत कापता येत नाही, म्हणून ती टांग ताणते, ताणलेल्या टांगेने वेग मोडतो, अडथळ्याला गुडघा लागतो आणि एकदा मनात भीती बसली की ती निघता निघत नाही. या प्रशिक्षिका सुरुवातीला नियमातील अंतर विसरून जातात. मुलीची तीन पावले जेथे सहज संपतात तेथे त्या अडथळा ठेवतात, तोही बराच खाली, आणि तिच्या पावलांची लय पक्की झाल्यावर अंतर हळूहळू वाढवत नेतात. अंतराची वाढ काही महिने चालते आणि त्या घाई करत नाहीत. त्यांचा आणखी एक नियम कडक आहे: अडथळा ज्या दिशेने ठेवलेला आहे त्याच दिशेने ओलांडायचा. अडथळ्याचे पाय धावणाऱ्याच्या बाजूला असतात, त्यामुळे पुढून धक्का लागला तर तो आडवा पडतो. उलट दिशेने आलेल्याच्या धक्क्याने तो पडत नाही आणि माणूस पडतो. परत येताना गंमत म्हणून उलटे अडथळे ओलांडणाऱ्या मुलांना त्या तत्काळ थांबवतात, आणि कारण सांगून थांबवतात.

उड्यांच्या बाबतीत मात्र एका माणसावर दोन माणसांचे काम पडले आहे. लांब उडीच्या धावेची मोजणी टेपने करणे, २० सेंटिमीटर रुंदीच्या फळीकडे न पाहता तिच्यावर पाय पडेल इतकी धाव एकसारखी करणे, हे सर्व त्या नेटाने करून घेतात. पण त्या अडथळ्यांवर असतात तेव्हा उड्यांची मुले वाट पाहत बसतात. सर्वांत जास्त उपेक्षा उंच उडीची होते. हा प्रकार शाळेच्या वयातच नीट रुजतो. डिक फॉसबरी यांनी १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये २.२४ मीटर उडी मारून ज्या पाठमोऱ्या पद्धतीने सुवर्णपदक जिंकले, ती त्यांनी हायस्कूलमध्ये असतानाच बेतायला घेतली होती. वळणावरची शेवटची चार-पाच पावले शिकवायला कोणीतरी समोर उभे राहावे लागते, आणि आमच्या संघात ते पुरेसे होत नाही. यात प्रशिक्षिकांचा दोष नाही. शाळेने उड्यांसाठी आणखी एक माणूस द्यायला हवा.

फेकीच्या प्रकारांविषयी मला सविस्तर लिहायचे आहे, कारण मैदानाचा हा कोपरा प्रेक्षकांपासून दूर असतो आणि तेथे चाललेले उत्तम काम कोणाच्या नजरेस पडत नाही. अनेक संघांत धावण्यात मागे पडलेल्या किंवा अंगाने थोराड असलेल्या मुलांना गोळाफेकीकडे पाठवून दिले जाते, आणि आपल्याला कोठेतरी बसवले आहे ही भावना घेऊन ती मुले तेथे उभी राहतात. आमचे फेकीचे प्रशिक्षक अशा पाठवणीला स्पष्ट नकार देतात. ज्याला यायचे आहे त्याने स्वतः यावे, आणि आधी बघून जावे, असे ते सांगतात. परिणामी त्यांच्या गटात सडपातळ भालाफेकपटूही आहेत आणि ठेंगणी पण विलक्षण चपळ अशी एक थाळीफेकपटूही आहे.

शिकवण्याची त्यांची पद्धत मागून पुढे जाणारी आहे. गोळा कसा सुटावा हे आधी उभ्याने फेकून पक्के होते, मग एका पावलाची भर पडते, आणि वर्तुळात सरकत किंवा गिरकी घेत फेकण्याची पाळी फार उशिरा येते. मुले उतावीळ होतात, कारण चित्रफितींमध्ये त्यांनी गिरकी पाहिलेली असते. पण शेवटची सुटका कच्ची असताना आधीचा वेग वाढवला तर वाढलेला वेग वाया जातो, हे ते मुलांना प्रत्येक फेकीच्या मोजणीतून दाखवतात. वजनाच्या बाबतीतही ते नियम पाळतात. जागतिक नियमांत १८ वर्षांखालील मुलांचा गोळा ५ किलोचा आणि मुलींचा ३ किलोचा आहे, तर प्रौढ पुरुषांचा ७.२६ किलोचा आणि महिलांचा ४ किलोचा. ताकद वाढावी म्हणून वाढत्या वयातील मुलांच्या हाती प्रौढांचा गोळा देण्याची सवय अनेक ठिकाणी असते. हे प्रशिक्षक नवख्यांना उलट वयोगटाच्या वजनापेक्षाही हलका गोळा देतात, कारण हलक्या गोळ्याने हालचाल शुद्ध राहते आणि कोपर व मनगट सुरक्षित राहतात.

सुरक्षिततेत त्यांनी एकही सवलत ठेवलेली नाही, आणि हे मला सर्वांत मोलाचे वाटते, कारण शाळेच्या मैदानावर जीवघेणे ठरू शकेल असे जे थोडे प्रकार आहेत त्यांत भाला, थाळी आणि हातोडा येतात. फेकीची आज्ञा एकाच आवाजात दिली जाते. गटातील शेवटची फेक होईपर्यंत कोणीही फेकीच्या क्षेत्रात पाऊल टाकत नाही. सर्वांनी मिळून, चालत जाऊन आपापली साधने आणायची. भाल्याकडे धावत जायचे नाही, कारण जमिनीत तिरप्या रुतलेल्या भाल्याचे शेपूट धावत येणाऱ्याच्या चेहऱ्याच्या दिशेने असते. भाला उपटताना आधी मागे कोणी उभे नाही हे पाहायचे आणि तो उभा धरूनच परत आणायचा. थाळी नेहमी जाळीच्या पिंजऱ्यातूनच फेकायची, आणि पिंजऱ्याला टेकून कोणी उभे राहायचे नाही, कारण जाळी आदळलेल्या थाळीसरशी बाहेर फुगते. एकदा पालकांपैकीच कोणीतरी छायाचित्रासाठी क्षेत्राच्या कडेला गेले, तेव्हा त्यांनी पूर्ण सराव थांबवला, शांतपणे त्यांना बाहेर आणले आणि मगच पुढची आज्ञा दिली. आवाज न चढवता इतकी शिस्त राखणारा शिक्षक विरळा असतो.

आता ज्या बाजूविषयी मला काळजी वाटते तिच्याकडे वळते. मध्यम व लांब पल्ल्याचे प्रशिक्षक मेहनती आहेत, मुलांबरोबर स्वतः धावतात, आणि आठशे मीटरच्या शर्यतीत वेगाची विभागणी कशी करावी हे त्यांच्याइतके चांगले मी कोणाला शिकवताना पाहिलेले नाही. दर दोनशे मीटरला शिट्टी वाजवून ते मुलांच्या अंगात वेगाची जाणीव अशी मुरवतात की अनुभवी मुले घड्याळ न पाहता आपला वेळ सांगू शकतात. परंतु त्यांच्या गटात सावकाश धावण्याचे दिवस सावकाश राहत नाहीत. गटातील बलवान मुले पुढे निघतात, बाकीची मागे पडायला नको म्हणून ओढली जातात, आणि विश्रांतीसाठी ठेवलेली धाव प्रत्यक्षात शर्यत होऊन बसते. नव्याने आलेल्या लहान मुलांनाही जवळजवळ मोठ्यांइतकेच अंतर दिले जात होते. याच गटात हंगामाच्या मध्याला नडग्या दुखण्याच्या तक्रारी सर्वाधिक असतात, आणि हा मला योगायोग वाटत नाही.

वहीतील त्यांची पाने याच गोष्टीची साक्ष देतात. तेथे केवळ किलोमीटरचे आकडे असतात. ते किती वेगाने धावले, कोणत्या पृष्ठभागावर धावले, कोणाला काय दुखले, याचा उल्लेख क्वचित सापडतो. स्पर्धेच्या दिवशी त्यांची काही मुले पंधराशे मीटर, आठशे मीटर आणि शेवटी चार गुणिले चारशेची रिले अशा तीन शर्यती धावतात. प्रौढ व्यावसायिक धावपटूही एका दिवसात हे टाळतात, आणि शाळेच्या संघाचे एकूण गुण वाढावेत म्हणून ते मुलांकडून करून घेणे मला मान्य नाही. मुख्य प्रशिक्षकांनी हा विषय काढल्यावर नव्या मुलांचा गट वेगळा झाला आणि त्यांचे अंतर कमी झाले, ही सुधारणा मी आनंदाने नोंदवते. पण तीन शर्यतींची प्रथा अजून चालू आहे. ज्यांच्या मुलांना लांब पल्ल्याची आवड आहे त्या पालकांनी स्पर्धेच्या नोंदी स्वतः पाहाव्यात आणि दोनापेक्षा जास्त शर्यतींना नकार द्यावा. मुख्य प्रशिक्षक असा नकार मान्य करतात, आणि त्यामुळे मुलाची जागा गेल्याचे मी पाहिलेले नाही.

फिजिओथेरपिस्ट रोज मैदानावर नसतात, परंतु असतात तेव्हा त्यांचे काम नेमके असते. नडगीच्या कडेने लांबवर पसरलेले दुखणे आणि बोटाने दाखवता येईल अशा एकाच ठिकाणचे दुखणे यांत त्या फरक करतात. दुसऱ्या प्रकारात हाडाला सूक्ष्म तडा असण्याची शक्यता असल्यामुळे त्या मुलाचे धावणे तेथेच थांबवून डॉक्टरांकडे पाठवतात. झपाट्याने उंची वाढत असलेल्या मुलांना गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर किंवा टाचेच्या मागे जे दुखणे होते, ज्यांना वैद्यकात ऑसगुड-श्लॅटर आणि सीव्हर यांची नावे आहेत, ते वाढीच्या भागावर स्नायूंच्या ओढीमुळे होते आणि बहुतेकदा ताण कमी केल्यावर काळाबरोबर जाते. हे समजावून सांगितल्यामुळे पालकांची भीती कमी होते आणि मुलाला ‘नाटक करतोस’ असे ऐकावे लागत नाही. कडक उन्हाच्या दिवसांत सराव पहिल्या दहा-चौदा दिवसांत हळूहळू वाढवला जातो, कारण शरीराला उष्णतेशी जुळवून घ्यायला साधारण तेवढा काळ लागतो. बर्फाच्या पाण्याने भरलेला टब मैदानाच्या कडेला तयार असतो, आणि उष्माघाताची शंका आली तर आधी थंड करायचे व मग रुग्णालयात न्यायचे हा क्रम सर्व प्रशिक्षकांना पाठ आहे. मेघगर्जना ऐकू आली की मैदान रिकामे होते आणि शेवटच्या गर्जनेनंतर ३० मिनिटे कोणालाही परत येऊ देत नाहीत, मग स्पर्धा कितीही जवळ आलेली असो.

मुलींच्या आरोग्याविषयी या मंडळाने जे केले आहे ते फारसे कोठे आढळत नाही. व्यायामाच्या मानाने शरीराला ऊर्जा कमी पडत राहिली तर मासिक पाळी अनियमित होते किंवा थांबते, हाडे कमकुवत होतात आणि दुखापती वाढतात; आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या स्थितीला स्वतंत्र नाव दिले आणि ती मुलांमध्येही आढळते हे स्पष्ट केले. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात प्रशिक्षिका आणि फिजिओथेरपिस्ट मुलींशी याविषयी मोकळेपणाने बोलतात, पाळी थांबणे हे चांगल्या तयारीचे लक्षण नसून डॉक्टरांना दाखवण्याचे कारण आहे असे सांगतात, आणि पालकांनाही त्याची कल्पना देतात. संघात कोणाचेही वजन केले जात नाही. लांब पल्ल्याच्या गटात एकदा एका मुलीच्या वजनाविषयी उल्लेख झाला होता. तिच्या पालकांनी तो मुख्य प्रशिक्षकांच्या कानावर घातल्यावर खेळाडूंच्या शरीराविषयी कोणीही शेरा मारायचा नाही, असा लेखी नियम करण्यात आला. आमच्या मुलीला प्रशिक्षिकांकडे जाऊन पाळीविषयी सहज बोलता येते, यासाठी मी त्यांची मनापासून ऋणी आहे.

माझी उरलेली तक्रार निवडीच्या कळवण्याविषयी आहे. स्पर्धेत कोण कोणत्या प्रकारात उतरणार याची यादी बहुधा आदल्या संध्याकाळी लागते, आणि वगळलेल्या मुलाला त्याचे कारण सांगितले जात नाही. रिलेच्या सहा मुलींपैकी चौघींची निवड बॅटनच्या वेळेवरून होते हे मला मुख्य प्रशिक्षकांना विचारल्यावर कळले. पण उरलेल्या दोघींना ते कोणी सांगितले नव्हते, आणि त्यांच्यातील एकीने आपण नावडत्या आहोत असा समज करून घेतला होता. जे प्रशिक्षक विश्रांतीच्या तीन मिनिटांचे कारण पालकांना समजावून सांगतात, त्यांना निवडीचे कारण मुलांना सांगणे अवघड नाही. यादी दोन दिवस आधी लागावी आणि वगळलेल्या प्रत्येक मुलाशी दोन वाक्ये बोलली जावीत, एवढी माझी मागणी आहे, आणि मी ती त्यांच्याकडे लेखी दिली आहे.

संघात पोल व्हॉल्ट नाही, याची नव्या पालकांनी नोंद घ्यावी. काही पालकांनी तो सुरू करण्याचा आग्रह धरला होता, परंतु त्या प्रकाराचे प्रशिक्षण घेतलेला माणूस मंडळात नाही आणि उतरण्याची गादी नियमाच्या मापाची नाही, या कारणांवरून मुख्य प्रशिक्षकांनी तो नाकारला. हा निर्णय मला योग्य वाटतो. ज्यांच्या मुलांना हाच प्रकार करायचा आहे त्यांनी दुसरा संघ पाहावा, आणि उंच उडीविषयी गंभीर असलेल्यांनी शाळा नवा प्रशिक्षक नेमते का याची आधी चौकशी करावी. वेगवान धावणे, अडथळे, लांब उडी आणि फेकीचे प्रकार यांसाठी मात्र हे मंडळ मी निःशंकपणे सुचवते. प्रवेशानंतरच्या पहिल्या बैठकीत मुलाच्या जुन्या दुखापती आणि गेल्या वर्षभरात वाढलेली उंची सांगितली, तर मुख्य प्रशिक्षक ती माहिती त्याच्या पहिल्या पानावर लिहून घेतात.